शिमगा अंकाची चूकदुरुस्ती

१

सबंध औरंगाबाद जिल्ह्यात माझ्याइतकी माणसं कुणी मारली नसतील. म्हणजे, मेली ती आपापल्या मरणानं. मी नुसती छापली. आणि खरं सांगायचं तर छापलीही मी एकट्यानं नाही. बातमी तात्यासाहेब लिहायचे, मी खिळे जुळवायचो आणि मशीनवर पाय मारायचो. पण रुबाब माझा. लग्नात पंगतीला बसलो की शेजारचे म्हातारे पाट उचलून लांब सरकायचे.

'साप्ताहिक खामकाठ' पानदरिब्याच्या एका बोळातून निघायचं. खाली छापखाना, वर तात्यासाहेब. तात्यासाहेब म्हणजे मालक, संपादक, बातमीदार आणि 'आमच्या खास प्रतिनिधीकडून'. मी म्हणजे उरलेलं सगळं. माझं शिक्षण विचाराल तर निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दू झालं. मग पोलिस ॲक्शन झाली आणि मास्तर म्हणाले, आता मराठी, परत पहिलीपासून. मी म्हटलं, मास्तर, तुम्हीच बसा. मराठी मी खिळ्यांवरून शिकलो. खिळ्यावरची अक्षरं उलटी असतात. त्यामुळं सुलटं लिहिलेलं मला आजही थोडं खोटंच वाटतं.

पेपर चार पानांचा. लोक घ्यायचे ते शेवटच्या पानावरच्या एका चौकटीसाठी. तिचं नाव 'चूकदुरुस्ती'. "जुन्या मोंढ्यात बैल उधळला असे गेल्या अंकात छापले होते. तो बैल नसून म्हैस होती. बैलास व त्याच्या मालकास झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत." सगळं गाव आधी ही चौकट वाचायचं, मग बातम्या.

ह्या बाबतीत तात्यासाहेबांचा नेम कडक होता. छापलेली चूक छापूनच मागं घ्यायची. कुणी बोळात येऊन शिव्या दिल्या तरी ते खिडकीतून एवढंच म्हणायचे, "तोंडी माफीनं छापलेलं पुसत नाही. पुढच्या अंकापर्यंत थांबा."

२

माणूस गेला की घरचे लोक यायचे. खेड्यातला माणूस जन्मात एकदा फोटो काढायचा नाही, पण मेल्यावर तो पेपरात दिसलाच पाहिजे. आणि फोटो असला तरी त्याचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, पुण्याहून करून आणावा लागे. तो येईपर्यंत घरातली माणसं रडायची थांबून वाटणीवरून भांडायला लागलेली असत.

आमची मशीन तात्यासाहेबांनी पोलिस ॲक्शननंतर घेतलेली. आधीचा मालक हैदराबादला निघून गेला होता. मशीनबरोबर पत्र्याची एक पेटी आली. तीत मोडके खिळे, वाळलेली शाई आणि तळाशी एक ब्लॉक. लाकडी ठोकळा, त्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, पत्र्यावर एका माणसाचा चेहरा. मधलं वय, मिशी बेताची, नजर सरळ. हसरा नाही, रडका नाही. कुणाचा, ते कुणालाच माहीत नाही.

तात्यासाहेब म्हणाले, "असू दे. पाहुणा आहे."

नाव पडलं पाहुणा.

ठोकळा आमच्या कॉलमात बसेना. मी करवतीनं दोन्ही बाजू कापल्या, त्यात पाहुण्याचे कान गेले. तात्यासाहेब हळहळले. मी म्हटलं, "मेलेल्याला काय ऐकायचंय?"

मग ज्याचा फोटो नाही त्याला पाहुणा. गंमत म्हणजे कुणीही तक्रार केली नाही. आमची छपाई अशी की अर्धा चेहरा शाईत बुडायचा, उरलेला अर्धा ज्याला हवा तसा दिसायचा. "अगदी आप्पाच!" म्हणून बायका डोळ्याला पदर लावायच्या. लेक कात्रणाला चौकट करून घ्यायचा. अर्ध्या तालुक्याच्या भिंतींवर एकच माणूस टांगलेला होता आणि घरोघरी त्याला वेगवेगळ्या नावानं हार पडत होता. मला ह्याचं फार हसू यायचं. मी कुणाच्या घरी गेलो की हळूच भिंतीवरच्या पाहुण्याला डोळा मारायचो.

३

होळीला आमचा शिमगा अंक निघायचा. त्यात सगळं खोटं. 'खाम नदीत पाणी सापडले.' 'मोंढ्यातल्या व्यापाऱ्याकडून चुकून खरे वजन.' 'मकबऱ्याला कुलूप, किल्ली बेपत्ता.' शिमगा अंकाची चूकदुरुस्ती मात्र कधी छापायची नाही, हाही नेमच. अख्खा अंकच चूक, तर दुरुस्त काय करणार?

एका साली पानात एक चौकट रिकामी राहिली. तात्यासाहेब वर झोपलेले. मी माझंच निधन लावून टाकलं. "आमच्या छापखान्यातील खिळे जुळवणारे मुंजाबा यांचे हसता हसता दुःखद निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी बानाबाई, एक शेळी व सुटकेचा श्वास सोडणारा मोठा मित्रपरिवार आहे." वर पाहुणा.

दिवसभर बोळात हशा. कुणी माझ्या गळ्यात हार घातला, कुणी तिरडीचा बांबू आणला. घरी बानाबाईला अंक दाखवला. ती धनगराची लेक, शब्द मोजून वापरणारी. तिनं माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं.

"मेल्यावर बरे दिसता," म्हणाली.

त्याच रंगपंचमीला पोरांनी मला हौदात बुचकळलं. कानात रंगाचं पाणी गेलं आणि ठणका लागला. बानाबाईनं कानावरून मफलर बांधून दिला. तेव्हापासून मी बारा महिने मफलर बांधतो. लोक हसतात. हसू द्या, मीही त्यांना हसतो.

४

वैशाखात एकदा सिटी चौकात इसाकमियाँच्या हाटेलात बसलो होतो. इसाकमियाँ चहा ठेवून माझ्यासमोरच बसले. हे काही त्यांच्या रीतीतलं नव्हतं.

"मुंजाबा, तुम्हारा मय्यतवाला आदमी आया था कल."

"कोनसा?"

"वोइच. पेपरवाला. हर हफ्ते मरताय सो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"कोने में बैठा. मैं चाय रखा. पिया नहीं, खाली देखते बैठा. इत्ती गर्मी में कानाँ पे मफलर."

"म्हणजे मीच असेन, मियाँ."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "हौ," म्हणाले, "मैं भी पहले वोइच सोचा."

इसाकमियाँची नजर अधू. ते शेळीलाही सलाम करायचे. म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण मग शहागंजातल्या बांगडीवालीनं तेच सांगितलं. पैठण गेटजवळच्या सायकलवाल्यानंही. कुणाशी बोलत नाही, काही घेत नाही. ओट्यावर बसतो, दाराकडं बघतो आणि उठून जातो.

मी डोकं चालवलं. ब्लॉक काही आभाळातून पडत नाही. कधीतरी कुणाच्या तरी फोटोवरून केलेला असणार. तो माणूस जिवंत असेल, गावात परत आला असेल. झालं, हिशेब लागला. एकच गोष्ट त्यात बसेना. ब्लॉक कधीचा जुना, तेव्हा तो माणूस आता पिकलेला पाहिजे. सगळे म्हणत होते, जसा छापलाय तस्सा.

५

त्याच आठवड्यात भर दुपारी एक बाई छापखान्याच्या दारात उभी राहिली. खुलताबादच्या पुढच्या वाडीवरची सारजाबाई. तिचा नवरा पुंजाराम शेळ्या विकायला शहरात यायचा आणि बाजार उरकला की आमच्या पायरीवर बसून मला शिव्या द्यायचा. माझा लई जुना दोस्त. माघात गेला होता. त्यालाही मी पाहुणाच लावला होता.

"पेपर तुमीच छापता ना?"

"मीच, वहिनी. या. आता कोण गेलं?"

"कोन गेलं नाय," ती म्हणाली. "आलंय."

ती उंबऱ्यावर बसली. पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं.

"ओट्यावर यून बसला. सांडू म्हनला, आये, बाप आला. मी म्हनलं, यडा का खुळा? तर त्यानं भितीवरचा फोटू दावला. म्हनला, बघ की, बापच हाय. अन् ताट वाढलं."

"जेवतो?"

"नाय. ताटाकडं बघत बसतो. कानाला फडकं बांधल्यालं."

"सांडूला सांगायचं, हा तुझा बाप नव्हं."

"सांगितलं की. पोरगं म्हनलं, मंग बाप कसा व्हता ते सांग." तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "अन् मला सांगता यीना, दादा. एवढा संसार केला. डोळं मिटलं की ह्योच दिसतो. दुसरं तोंडच यीना."

छपाईच्या मशीनचं चाक अजून हळू फिरत होतं. मी हात लावून ते थांबवलं.

"तुमी वळखत व्हते त्याला. तुमी सांगा. माझ्या मानसाचं तोंड कसं व्हतं?"

मी तोंड उघडलं. पुंजारामची थट्टा तर माझ्या जिभेवर कायमची तयार. त्याचं नाक आठवायला गेलो. मधलं वय, मिशी बेताची, नजर सरळ. पुन्हा आठवलं. मधलं वय, मिशी बेताची.

तिला म्हटलं, उन्हानं डोकं चालत नाही. मी मनातल्या मनात दुसऱ्या मेलेल्यांना हाक मारून पाहिली. ज्यांना मी छापलं नव्हतं ते सगळे आपापली तोंडं घेऊन नीट आले. माझी आजी आली, नाकातल्या मोरणीसकट. ज्यांना छापलं होतं ते सगळे एकाच तोंडानं आले. त्यांत माझा बापही होता.

६

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. का गेलो? सगळं गाव ज्याला पाहून आलं तो मलाच तेवढा दिसला नव्हता, ह्याचा राग आला होता म्हणा.

दुपार तापलेली. सारजाबाईचं घर म्हणजे पत्र्याखाली एक खोली आणि पुढं ओटा. पत्रा तापून टिकटिक वाजत होता. बाकी आवाज नाही. ओट्याखाली शेळ्या होत्या, पण त्याही उभ्या, नुसत्या उभ्या. रवंथ नाही. धनगराच्या पोटी जन्मलोय मी, दुपारी रवंथ न करणारी शेळी मी कधी पाहिली नव्हती.

सांडू दारात आला. तरणाबांड गडी, पण कुजबुजत बोलत होता.

"काका, बरं झालं आले. बाप आतमदी हाय. तुमच्याशी तरी बोलतो का बघा."

आत अंधार. उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसेना. मग भिंतीवरची चौकट दिसली, तिच्यातलं माझ्याच छापखान्यातलं कात्रण दिसलं. त्याच्यासमोर, माझ्याकडं पाठ करून, एक माणूस मांडी घालून बसला होता. शेजारी भरलेलं ताट. माशी नव्हती त्यावर. डोक्याला मफलर, मागं गाठ.

मी काय करावं? मला एकच विद्या येते. पुंजाराम ऐकला की हमखास चवताळायचा असा एक चावट विनोद होता, त्याच्या बोकडावरचा. तो मी मोठ्यानं सांगितला. खोलीत माझा आवाज मलाच नको झाला.

माणूस वळला नाही. त्यानं थोडी मान कलती केली, नीट ऐकू न आलेला माणूस करतो तशी. मग दोन्ही हात मागं नेले आणि सावकाश, घाई नसल्यासारखी, मफलरची गाठ सोडायला लागला.

मी बाहेर आलो. ऊन फार होतं, चक्कर आल्यासारखं झालं, असं मी तात्यासाहेबांना सांगितलं.

७

तात्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. भूत म्हणाले नाहीत, वेडाही म्हणाले नाहीत. चष्मा पुसला.

"म्हणजे चूक आपली आहे," म्हणाले. "चेहरा चुकीचा छापला. दुरुस्ती छापू."

"पण खरा चेहरा कुणालाच आठवत नाही."

"मग जेवढं आठवतं तेवढं छापू. बोलाव बाईंना."

सारजाबाई वरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. तात्यासाहेब नाक विचारत होते, कपाळ विचारत होते, ती मान हलवत होती. शेवटी ते कंटाळून उठले तेव्हा ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हसायच्या आदी डोळं मिटायचा. मंग हसू यायचं."

तेवढंच मिळालं. मी खिळे जुळवले: "माघातील अंकात कै. पुंजाराम यांच्या निधनवार्तेसोबत छापलेला चेहरा त्यांचा नव्हता. कै. पुंजाराम हसण्याआधी डोळे मिटत. वाचकांनी दुरुस्ती करून घ्यावी."

शेवटचा खिळा बसला आणि पायरीवर बसलेला पुंजाराम मला लख्ख दिसला. नाक बसकं, पुढचा दात पडलेला. डोळे मिटले, मग हसला. मी पटकन शाईचा रूळ हातात घेतला, कारण तात्यासाहेब माझ्याकडं बघत होते.

अंक निघाल्यावर सारजाबाई परत आली. पदरात शेवग्याच्या शेंगा बांधून आणल्या होत्या.

"सांडूनं ओट्यावर उभं ऱ्हाऊन वाचलं. त्याला ऐकू गेलं का नाय, देव जाणे. पन उठला. ताटाला हात जोडले अन् गेला."

"आणि सांडू?"

"तो रडला. बाप आठवला म्हनला, दात पडल्याला." ती हसत होती.

"गेला कुठं तो?"

"सडकंनं. हिकडं शहराकडं."

तात्यासाहेब म्हणाले, आता तो ब्लॉक खाम नदीत टाकून ये. मी पेटी उघडली. ठोकळा होता, खिळे होते, मी मारलेल्या करवतीच्या खुणा होत्या. जस्ताचा पत्रा मात्र गुळगुळीत. उलथण्यासारखा.

"घासला," तात्यासाहेब म्हणाले. "किती छापायचा एकच माणूस?"

असेल. पण आदल्याच अंकात तो मिशीच्या केसाकेसासकट उमटला होता.

मी जाता जाता म्हटलं, "तात्यासाहेब, माझीही एक दुरुस्ती लावायची का? शिमग्याची?"

"शिमगा अंकाची दुरुस्ती?" ते एवढे हसले की खोकला लागला. "लोक काय म्हणतील? मुंजाबाला विनोद पेलला नाही म्हणतील."

हे मात्र मला सहन होण्यासारखं नव्हतं. मीही हसलो.

त्या दिवसाचं पुढचं मला नीट आठवत नाही. ऊन लागलं असावं. बानाबाई सांगते, मी भर दुपारी घरी आलो, ओट्यावर बसलो आणि दाराकडं बघत राहिलो. तिनं ताट वाढलं, त्याला मी हात लावला नाही. तिन्हीसांजेला ती म्हणाली, "आत या आता." मग आत गेलो.

८

तात्यासाहेब गेले. त्यांचा खरा फोटो छापला होता. मग पेपर बंद पडला, बोळ रुंद झाला, शहराचं नाव बदललं. मी तोच आहे. मफलरही तोच. लोक म्हणतात, मुंजाबा, तू काही बदलत नाहीस. मी म्हणतो, मेलेल्या माणसाचं वय वाढतं का? हा विनोद मी इतक्यांदा केलाय की आता कुणी हसत नाही.

परवा एका दिवाळी अंकाचा पोरगेला संपादक आला. म्हणाला, काका, जुन्या पेपराच्या गमती लिहून द्या. मला वाटलं, चला, राहिलेली दुरुस्ती छापून घ्यावी. गमतीत गंमत. म्हणून हे सगळं लिहून काढलं आणि शेवटी चौकट टाकली: "शिमगा अंकात मुंजाबा यांच्या निधनवार्तेसोबत छापलेला चेहरा त्यांचा नव्हता." पुढं पुंजारामसारखी एखादी खूण हवी. ती मला सुचेना. आरशात पाहून उपयोग नाही, आरशात सगळं ठीकच दिसतं. मधलं वय सरलेलं नाही, मिशी बेताची.

बानाबाई पडवीत लसूण सोलत बसली होती. आता तिला फारसं दिसत नाही, बोटांनीच सोलते.

"बाने, शिमग्याच्या आधी मी कसा होतो गं? एखादी खूण सांग."

तिनं सोललेली पाकळी सुपात टाकली.

"ते हसले की उजवा कान धरायचे," म्हणाली.

"ते कोण? 'तुम्ही' म्हण की."

"लिवा तुमी. तसंच लिवा."

मी हसलो. हसताना माझा हात वर गेला, पण मफलरवरच थांबला. मग मी चौकट पुरी केली आणि तिला पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवलं. सारजाबाई, इसाकमियाँ, पत्र्याची टिकटिक, सगळं. ती सोलत राहिली. वाचून झालं.

"कसं झालंय?"

तिनं सुपातली सालं फुंकून टाकली.

"चांगलं लिवलंय," म्हणाली. "पन हे छापून आल्यावर तुमी जानार कुठं?"